नाव मिळाले, सातबारा कधी?

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवण्यात आल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे शहीद झाले. 'नावाने पोट भरते काय?' असा शहाजोग सवाल आम्हाला केला गेला. आमचा उलट सवाल आहे, नाव एवढे क्षुल्लक होते तर त्यापायी आमची घरे का जाळली?

जर्मन विचारवंत अ‍ॅक्सेल होनेथ यांनी १९९२ साली मान्यतेच्या संघर्षाचा सिद्धांत मांडला. अवहेलनेतूनच लढा पेटतो, असे ते सांगतात. बाबासाहेबांनी हे १९२७ सालीच महाडच्या तळ्यावर कृतीने दाखवले होते. तेथे प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता, माणूसपणाचा होता. मात्र नॅन्सी फ्रेझर बजावतात, की मान्यतेबरोबर संपत्तीचे फेरवाटपही हवे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो याचसाठी.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नव्हे, नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले आणि हिंगोलीचा भाग त्याला जोडला गेला. म्हणून साखरा गावच्या पोरांना नामांतराचा लढा परका नाही. त्यांची ताठ मान ही त्याच लढ्याची कमाई आहे. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचाही निर्णय घेतला. पण पाटीवर समतानगर आणि गायरान कसणाऱ्या बापाचे नाव सातबाऱ्यावर नाही, ही कसली समता? आम्हाला सन्मानही हवा आणि जमीनही. एकावर बोळवण आम्ही मान्य करणार नाही.

जयभीम!