साडेआठशे वर्षं न कुजलेलं लाकूड

कुंपणाचा जुना लाकडी खांब कधी नीट पाहिलाय? वरून ठणठणीत दिसतो. पण जमिनीत जिथे शिरतो तिथे बोटाने दाबून पाहा, ओला भुसाच हाताला लागतो! आणखी एक-दोन पावसाळे, की खांब आडवा.

आता माझ्याबरोबर नॉर्वेला चला. तिथे पश्चिमेकडे लॅरडालच्या दरीत बोर्गुंड नावाच्या ठिकाणी एक चर्च आहे. भिंती लाकडाच्या, खांब लाकडाचे, छप्पर लाकडाचं. छपरावरून तोंड वासून बाहेर डोकावणारे ड्रॅगनसुद्धा लाकडाचे! या चर्चसाठी पाइनची झाडं तोडली गेली 1180-81 च्या हिवाळ्यात. तेव्हापासून जवळजवळ साडेआठशे हिवाळ्यांचा बर्फ त्याच्यावर पडून वितळला. आपला कुंपणाचा खांब पाच-दहा वर्षांत हार मानतो, मग हे चर्च अजून उभं कसं?

याचं उत्तर शोधायचं तर लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघायला हवं. लाकूड आपोआप कुजत नाही, त्याला बुरशी खाते. आणि बुरशीला खाण्याबरोबर दोन गोष्टी लागतात: हवा आणि ओलावा. यातली एक जरी मिळाली नाही, तरी तिचं काही चालत नाही. नॉर्वेतच ओसेबर्ग इथे 834 साली पुरलेलं एक व्हायकिंग जहाज 1904 साली खणून काढलं. हजार वर्षं ते मातीखाली होतं, पण चिकणमातीने हवा आत जाऊच दिली नाही, म्हणून लाकूड टिकलं. चर्च काही मातीत पुरता येत नाही. तिथे हवा तर असणारच. मग उरला एकच उपाय, पाणी तोडायचं.

सुरुवातीच्या सुतारांना हे साधलं नव्हतं. ते खांब सरळ जमिनीत रोवायचे. नॉर्वेतल्याच लुस्त्राफ्योर्ड या खाडीच्या काठावर उर्नेसचं चर्च आहे. त्याच्या जमिनीखाली पुरातत्त्वज्ञांना आणखी जुन्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. ते खांब कधीच गेले!

मग सुतारांनी जी युक्ती केली ती मला फार आवडते. आधी जमिनीवर दगड रचायचे. दगडांवर जाडजूड आडव्या तुळया ठेवायच्या, एकमेकींत अडकवून. आणि उभे खांब या तुळयांवर बसवायचे. म्हणजे खांबाचा पाय मातीला लागतच नाही! भिंतीच्या फळ्याही उभ्याच. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला शेजारच्या फळीच्या खाचेत घट्ट बसणारी पातळ पट्टी. सांगाडा जोडायला लोखंडी खिळ्यांपेक्षा लाकडाच्या खुंट्यांवरच भर. उभ्या खांबाला तिकडे 'स्ताव' म्हणतात, म्हणून अशा चर्चना स्टेव्ह चर्च हे नाव पडलं.

पण वाऱ्याचं काय? बोर्गुंडच्या आत मान वर करून पाहिलं, तर उंच खांबांच्या मधोमध फुलीसारखे तिरपे वासे दिसतात आणि खांब जिथे छपराला भेटतात तिथे लाकडाचे वाकडे कोन. हे कोन लाकूड वाकवून केलेले नाहीत. झाडाचं खोड मुळाकडे जिथे आपोआप वळतं, तोच भाग कापून घेतलाय. जिथे वळण, तिथे लाकडाच्या रेषाही वळलेल्या, त्यामुळे तो तुकडा सहजी चिरत नाही. जहाजं बांधणाऱ्यांनाही ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

आता वरून येणारं पाणी. छपरं एकावर एक चढत गेलेली आणि फार उतरती, म्हणजे पाऊस आणि बर्फ घसरून खाली. त्यांवर लाकडी चिपा माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. भिंतींना पाऊस लागू नये म्हणून चर्चभोवती छपराखालून फिरणारा ओसरीसारखा मार्ग. आणि सगळ्यावर काळंभोर डांबर! रस्त्यावरचं नाही हं, पाइनचं. राळेने भरलेली पाइनची मुळं आणि बुंधे झाकून, हळूहळू धुमसत ठेवले की त्यांतून ते पाझरतं.

आतून ही चर्चं अंधारी असत, कारण मूळ बांधणीत खिडक्या नसतच, फक्त उंचावर लहान गोल भोकं. पण दाराशी थांबून पाहण्यासारखं खूप असतं. उर्नेसच्या एका भिंतीत 1070 च्या सुमाराचं कोरलेलं दार आहे. सडपातळ प्राणी आणि साप एकमेकांत असे गुंतलेत, की कोण कुणाला चावतंय ते शोधत बसावं. जुनं चर्च पाडताना लोकांनी हे कोरीवकाम जपलं आणि 1130 च्या सुमारास नव्या चर्चमध्ये बसवलं. बोर्गुंडच्या दारापाशी तर एका वाटसरूने रून लिपीत खरडून ठेवलंय, की संत ओलाफच्या सणाच्या संध्याकाळी मी इथून जाताना हे लिहिलं!

लाकूड तोडल्याची ही सालं कळतात झाडाच्या आतल्या वर्तुळांवरून. चांगल्या वर्षात वर्तुळ रुंद, वाईट वर्षात अरुंद. हा रुंद-अरुंद क्रम तारीख माहीत असलेल्या लाकडाशी जुळवला की झाड कधी तोडलं ते समजतं.

मध्ययुगात अशी हजाराहून जास्त चर्चं असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज नॉर्वेत उरलीत फक्त 28. फक्त बुरशीने खाल्ली म्हणून नव्हे! लोकसंख्या वाढली, जुनी चर्चं अपुरी पडू लागली आणि 1851 च्या कायद्याने चर्चमध्ये किती माणसं मावायला हवीत ते ठरवलं. मग कितीतरी पाडली गेली. या कायद्याच्या आधीच वांग गावचं चर्चही पाडायचं ठरलं होतं. योहान क्रिस्तियान डाल या चित्रकाराला ते बघवेना. त्याने खटपट करून ते वाचवलं. 1840 च्या दशकात चर्चचे भाग सुटे करून समुद्रापार नेले आणि दूरच्या डोंगरात पुन्हा जोडले. आज ते पोलंडमधल्या कारपाच गावात आहे.

बोर्गुंडला मात्र आजही अधूनमधून नवं डांबर फासावं लागतं. तेव्हा उन्हाळ्यात तिथे गेलात, तर दक्षिणेकडच्या भिंतीला टेकू नका. उन्हाने डांबर पातळ होतं आणि कपड्यांवर लागलं की निघता निघत नाही.