प्रोजेक्टचा विषय कुठे शोधायचा?

(लेखमाला : संगणकशास्त्राचा अभ्यास, लेखांक ९)

गेल्या आठवड्यात प्रोजेक्टसाठी गट कसा जमवावा ते पाहिलं. गट जमला की विषयाचा प्रश्न येतो, आणि बहुतेकांचं वर्ष इथेच हातातून जातं. ‘लायब्ररी मॅनेजमेंट’, ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’, नाहीतर सिनियरने पेन ड्राइव्हवर दिलेलं काहीतरी. अलीकडे त्यात मशीन लर्निंगची भर पडली आहे. इंटरनेटवरचा तयार डेटा घ्यायचा, तयार मॉडेल चालवायचं, अचूकता ९८ टक्के आली की रिपोर्ट बाइंडिंगला द्यायचा. एक्स्टर्नलने ‘हा डेटा आला कुठून?’ एवढंच विचारलं तरी गट एकमेकांकडे बघू लागतो.

माझं म्हणणं असं की तंत्र आधी ठरवूच नका. ज्याची माहिती तुम्ही स्वतः जाऊन गोळा करू शकता आणि उत्तर चूक की बरोबर हे सांगणारं माणूस तुमच्या आसपास आहे, असा प्रश्न घ्या. जुन्या औंध संस्थानाच्या भागातल्या मुलांसाठी असे दोन प्रश्न आज जरा खोलात जाऊन बघू.

औंध संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, आणि संस्थानातली आटपाडी सांगली जिल्ह्यात गेली. आटपाडी म्हटलं की डाळिंब, आणि डाळिंब म्हटलं की तेल्या रोग. पानावर आधी तेलकट, पाणथळ डाग दिसतात, पुढे ते काळपट होतात. फळावर डाग वाढला की इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारख्या भेगा पडतात आणि फळ बाजारातून बाद होतं. म्हणून ‘मोबाईलवर फोटो काढून रोग ओळखा’ हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतं, आणि हटकून ‘प्लांटव्हिलेज’ हा फोटोसंग्रह डाउनलोड करतं.

त्या संग्रहात पानांचे ५४,३०६ फोटो आहेत, पिकं १४. सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, टोमॅटो आहे, डाळिंब नाही. द्राक्ष आहे, पण तासगावच्या बागायतदाराची झोप उडवणारे डाऊनी आणि भुरी हे रोग त्यात नाहीत. आणखी एक गोष्ट. मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी २०१६ साली या संग्रहावर मॉडेल शिकवलं तेव्हा अचूकता ९९.३५ टक्के आली. त्याच मॉडेलला वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले, तर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संग्रहातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. बागेत पानावर ऊन असतं, धूळ असते, फवारणीचे पांढरे ठिपके असतात, मागे दुसरी पानं असतात.

म्हणून बागेत जा. चार-पाच वेगवेगळ्या बागा निवडा. सकाळचे, भर दुपारचे, ढगाळ दिवसाचे फोटो घ्या, निरोगी पानांचेही घ्या. कोणता डाग तेल्याचा आणि कोणता बुरशीचा, हे कृषी पदवीधराकडून किंवा मुरलेल्या बागायतदाराकडून ठरवून घ्या. दोघांना वेगवेगळं विचारलंत तर आणखी चांगलं, कारण त्यांचं जिथे जमत नाही ते फोटो फार शिकवतात. मग चाचणी. फोटो सरमिसळ करून त्यातले वीस टक्के बाजूला काढायचे, असं पुस्तकात असतं. इथे तसं करू नका. एक अख्खी बाग बाजूला ठेवा. एकाच बागेचे फोटो दोन्हीकडे गेले तर मॉडेल रोगाऐवजी त्या बागेची माती आणि ठिबकची नळी ओळखायला शिकतं. अख्खी बाग बाजूला ठेवल्यावर अचूकता ७० टक्क्यांवर आली तरी ती तशीच लिहा. ९८ पेक्षा ती मोलाची आहे, कारण ती का घटली हे तुम्हाला सांगता येईल.

दुसरा प्रश्न छापील पानांचा. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, आणि त्यांनी लिहिलंही पुष्कळ. १९३८ साली त्यांनी उघडलेलं श्री भवानी संग्रहालय आजही औंधमध्ये आहे. त्यांच्या काळातल्या पुस्तकांची पानं स्कॅन केली तरी तो नुसता फोटो असतो, त्यात शब्द शोधता येत नाही. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी छापील मजकूर वाचतं. पण जुना टाइप, फिकट शाई आणि तुटलेल्या मात्रा असतील तर किती चुका करतं? हा पूर्ण प्रोजेक्ट आहे. पुस्तक निवडताना मात्र हक्क बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. बाळासाहेब १९५१ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं खुली आहेत. औंधमध्येच स्वाध्याय मंडळ चालवणारे पं. सातवळेकर १९६८ साली गेले. त्यांच्या लेखनाला २०२८ अखेरपर्यंत थांबावं लागेल. ही तारीखवार तपासणीही रिपोर्टात यायला हवी.

काम असं : काही पानं गटाने हाताने टाईप करायची, तीच पानं टेसरॅक्टला द्यायची, आणि त्याचा मजकूर आपल्या मजकुराशी जुळवायला किती अक्षरं बदलावी, घालावी, गाळावी लागली ते मोजायचं. इथे एक अडचण येते. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडखुणेचा संकेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅम त्यांना वेगळे समजून चूक मोजतो. युनिकोडचं ठरीव सामान्यीकरणही हे दोन एकत्र आणत नाही. त्यासाठीचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. मराठी शोध घेणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.

असं काम पदवीच्या मुलांना झेपतं का? झेपतं. पुण्यात ‘एल थ्री क्यूब’ या गटाबरोबर पदवीच्या विद्यार्थ्यांनी २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्वीट हाताने तपासून सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ असे वेगळे लावले. तो ‘महासेंट’ संच सगळ्यांसाठी खुला आहे. त्यांचे मुख्य कष्ट मॉडेलचे नव्हते, वाचण्याचे आणि ठरवण्याचे होते.

गाईडकडे विषय नेण्याआधी एक रविवार द्या. एका बागेतले पन्नास फोटो काढा, किंवा दोन पानं टाईप करून टेसरॅक्टला द्या. रविवारी जमलं नाही ते सहा महिन्यांत कुठे अडेल, हे तेवढ्यातच कळतं. सोमवारी गाईडसमोर सिनॉप्सिसऐवजी ते पन्नास फोटो ठेवा.

पुढच्या आठवड्यात : दोन जाणकारांचं एकमत किती, हे आकड्यात कसं मांडायचं.