खेळाडूची पारख आणि खेळाडूचे मोल

शेतकरी बैल विकत घेण्यापूर्वी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून त्याची चाल पाहतो. तथापि तो बैल नांगर कसा ओढील, हे पहिल्या नांगरटीपर्यंत त्यास निश्चयाने सांगता येत नाही. माणसाच्या अंगच्या गुणांची पारख तर याहूनही कठीण होय. कारण बैलाचे वाढायचे वय संपलेले असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाचे वाढणे मात्र अजून चालूच असते. आणि नेमक्या याच वयात आजकाल खेळाडूंची प्रतवारी लावली जाते, त्यांच्यावर वादविवाद होतात आणि त्यांच्या नावापुढे किंमत मांडली जाते. ही पारख कशी होते व तिच्यावर कितपत विसंबावे, हे विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या भागात हा प्रश्न कबड्डीच्या रूपाने दारी आला आहे. हुतूतू या नावाने हा खेळ आपल्या आजोबा-पणजोबांनी देवळापुढील मातीत खेळला. त्याला काडीचाही खर्च नव्हता आणि त्यातून कवडीचीही प्राप्ती नव्हती. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे त्याचे प्रदर्शन केले. 1990 साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याचा समावेश होऊन भारताने सुवर्णपदक मिळवले. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा लिलाव ही नवी गोष्ट आपल्या कानी आली. 2018 सालच्या लिलावात बोली प्रथमच एक कोटी रुपयांच्या वर गेली. तेव्हापासून लिलावाचे दिवस जवळ आले की मेढ्याच्या बाजारपेठेतही ‘यंदा कोणाला किती मिळणार?’ ही चर्चा रंगू लागली तर नवल नाही.

आता ही प्रतवारी कशी लावतात ते पाहू. 2024 सालच्या लिलावात खेळाडूंचे चार वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गाची मूळ किंमत 30 लाख रुपये, दुसऱ्याची 20 लाख, तिसऱ्याची 13 लाख व चौथ्याची 9 लाख अशी होती. प्रत्येक वर्गात चढाई करणारे, पकड करणारे आणि दोन्हींत तरबेज असे पोटभेद असतात. महाविद्यालयीन खेळाडूंनाही या दारातून वाट मिळाली आहे. 2022 सालच्या लिलावाच्या यादीत पाचशेहून अधिक नावे होती व त्यांत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांचे 24 खेळाडू होते.

जाणते लोक तरुण खेळाडूविषयी वाद घालतात, तेव्हा ते केवळ गुणांची बेरीज पाहत नाहीत. एखाद्याने एका सामन्यात पंधरा गुण मिळवले, हे खरे. पण ते कोणासमोर? दुबळ्या बचावापुढे मिळवलेले पंधरा गुण आणि कसलेल्या कोपरारक्षकांच्या तावडीतून आणलेले पाच गुण यांत पाचच अधिक मोलाचे ठरू शकतात. दुसरा प्रश्न असा की, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या ‘करा वा मरा’ चढाईत त्याचे डोके ठिकाणावर राहते काय? पकड करणाऱ्याविषयी विचारतात की, तो घोटा धरण्याची घाई करून स्वतःच बाद होतो, की सोबत्याची साथ येईपर्यंत दम धरतो? शेवटचा आणि आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मातीचा आहे. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय एका तऱ्हेने वळतो. मॅटवर बूट घालून खेळताना तो निराळ्या तऱ्हेने वळतो. मातीवरचा वाघ मॅटवर काही काळ चाचपडतो, तेवढ्यावरून त्याला कमी लेखणे हा अन्याय होय.

ही पारख अमेरिकेत तर शास्त्राच्या पदवीला पोहोचली आहे. तेथील फुटबॉल आपल्याहून निराळा. चेंडू हाती घेऊन धावण्याचा. तेथे लिलाव नाही, निवड असते. गतवर्षी जो संघ सर्वांत मागे पडला त्याला महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याचा पहिला मान, या न्यायाने 32 संघ सात फेऱ्यांत निवड करतात. त्याआधी कित्येक महिने वर्तमानपत्रे उमेदवारांच्या क्रमवार याद्या छापतात. 40 यार्ड धावायला किती सेकंद लागले, उडी किती उंच गेली, याची मोजदाद होते. एवढे करूनही फळ काय? 1936 साली पहिल्याच निवडीत ज्याला पहिला क्रमांक मिळाला, तो शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. उलट 2000 साली टॉम ब्रेडी या तरुणाच्या आधी 198 जणांची निवड झाली. तोच पुढे सात वेळा विजेत्या संघात होता.

दूर कशाला जावे? कोल्हापूर जिल्ह्याचा सिद्धार्थ देसाई 2018 साली 36 लाख 40 हजार रुपयांना मुंबईच्या संघात आला. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे 218 गुण मिळवले आणि पुढल्या वर्षी त्याची बोली 1 कोटी 45 लाखांवर गेली. परंतु नंतरच्या एका मोसमात दुखापतीमुळे त्याला बहुतेक सामने बाहेर बसून पाहावे लागले. किंमत मोठी म्हणून खांदा वा गुडघा वज्राचा होत नाही. दुसरे उदाहरण पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अस्लम इनामदारचे. तो कोणत्याही कोटीच्या बोलीने नव्हे, तर नवयुवक खेळाडूंच्या वर्गातून पुणेरी पलटणीत दाखल झाला. 1 मार्च 2024 रोजी त्या पलटणीने अंतिम सामना जिंकला तेव्हा तोच कर्णधार होता. त्याच संघात 2 कोटी 35 लाखांचा इराणी खेळाडू होता. पण मोसमातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरव झाला तो अस्लमचा.

आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला सहावे आले होते. त्या क्रमांकावर जगाने व त्यांनी स्वतः समाधान मानले असते, तर 1952 साली हेलसिंकीचे कांस्यपदक भारतात आले नसते.

यावरून पारख निरर्थक आहे, असे मात्र कोणी समजू नये. जाणत्या नजरेला पुष्कळ दिसते. पण तिला आजचा खेळ दिसतो, उद्याची मेहनत दिसत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, कोणी तुमचे नाव यादीत वर लिहिले तर फुगू नका आणि खाली लिहिले तर खचू नका.

पालकांना एक साधा हिशेब सांगणे इष्ट वाटते. बारा संघ व प्रत्येकात फार तर 25 खेळाडू, म्हणजे साऱ्या देशासाठी जागा अवघ्या तीनशे. त्यांतही अनेक जागा जुन्यांसाठी राखलेल्या. उलट गावोगावी संध्याकाळी मैदानावर उतरणाऱ्या मुलांची गणती नाही. अमेरिकेतही शाळा सोडल्यावर तीन वर्षे लोटल्याखेरीज कोणा तरुणाला निवडीस उभे राहता येत नाही. तेव्हा मुलास खेळापासून तोडू नये. पण खेळासाठी त्याची शाळाही तोडू नये. खेळणारा मुलगा दहावी-बारावी नीट उत्तीर्ण झाला, तर यादीत नाव आले काय किंवा न आले काय, त्याच्यापुढे वाट उरते. लिलावातील बोली ही एका मोसमाच्या खेळाची किंमत आहे; मुलाचे मोल त्याच्या घराने व शाळेने त्याहून मोठ्या मापाने करावे, हेच योग्य.