दूध पिताना श्वास कधी घ्यायचा?

आजीच्या काळी घरात बोंडलं असायचं. चांदीचं नाहीतर पितळेचं, निमुळत्या चोचीचं. आज नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात त्याचाच स्टीलचा भाऊबंद ‘पालाडाई’ या दाक्षिणात्य नावाने वावरतो.

आपल्याला सोपं वाटतं, पण दूध पिणं ही मोठी कसरत आहे. चोखायचं, गिळायचं आणि मध्येच श्वासही घ्यायचा. घोट उतरताना श्वासमार्ग मिटतो, तेवढा वेळ श्वास थांबतो. चोखायला बाळ पोटातच शिकतं. पण या तिघांचा ताल साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. म्हणून 30व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला जठरापर्यंत घातलेल्या नळीने दूध देतात. ते बोट चोखतं म्हणून त्याला पिताही येईल, असं मात्र नाही.

नळीनंतर आपल्याकडे डॉक्टर सहसा आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायला सांगतात. ही भांडी घासायला, उकळायला सोपी. बाटलीच्या बुचात दूध साचून जंतू वाढतात. दूधबाटल्यांच्या जाहिरातीवर तर 1992च्या कायद्याने बंदीच आहे.

तरीही टाळू दुभंगलेला असला, हृदयात दोष असला, तर काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने बाटली द्यावी लागते. इथे घरच्यांची घाई नडते. ‘फार हळू पितंय’ म्हणून तापल्या सुईने बुचाचं भोक मोठं करणारे हौशी हात मला सर्वांत धोक्याचे वाटतात. दूध भसाभसा आलं की बाळ गिळतच राहतं, श्वासाला फुरसत मिळत नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मोठ्यांसारखा ठसका लागेलच असंही नाही; अपुऱ्या दिवसांचं बाळ कधीकधी गुपचूप श्वासच थांबवतं.

त्यामुळे बूच हळू धारेचं हवं. बाळाला कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून धरायचं, बाटली जवळपास आडवी. चार-पाच घोट झाले की बाटली खाली कलवून त्याला दम घेऊ द्यायचा. ओठांभोवती निळसर झाक, फेंदारलेल्या नाकपुड्या, ताणून फाकलेली बोटं, ओठांच्या कडेने ओघळणारं दूध, यांतलं काहीही दिसलं की लगेच थांबायचं. रंग बदलला किंवा श्वास अडला, तर तत्काळ डॉक्टर.

अतिदक्षता विभागात उरलेलं दूध परिचारिका नळीने देतात. पेंगुळलेल्या बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारून बाटली संपवायला लावत नाहीत.