भाषा फुकट, मदतनीस मात्र पगारी

संगणकाची एखादी भाषा ‘मुक्तस्रोत’ असली की तिचा कंपायलर, म्हणजे आपली आज्ञावली यंत्राला कळेल अशा रूपात नेणारा प्रोग्रॅम, कोणालाही घेता येतो, बदलता येतो. पण ती भाषा हाताला सोपी होते ती एडिटरमुळे. लिहिता लिहिता चुकीखाली रेघ उमटते, अर्धा शब्द टंकताच पुढचे पर्याय दिसतात. ही सोय कोण करतो?

कंपायलर हा परीक्षकासारखा; पूर्ण उत्तरपत्रिका हाती आल्यावर तो तपासणार. एडिटरमधला मदतनीस पाटीवर लिहिणाऱ्या मुलाशेजारी बसलेल्या गुरुजींसारखा. त्याच्यापुढचे वाक्य बहुधा अपुरेच असते. कंस उघडलेला, पण मिटलेला नाही. तरी प्रत्येक कळ दाबली की क्षणार्धात अर्थ लावायचा! आमच्या मते हे काम कंपायलर लिहिण्याहून सोपे नाही.

पूर्वी असा मदतनीस प्रत्येक भाषेसाठी, प्रत्येक एडिटरमध्ये निराळा लिहावा लागे. १० भाषा आणि ८ एडिटर असतील तर ८० कामे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ ही संवादाची सामाईक रीत खुली केली. आता प्रत्येक भाषेने एक मदतनीस द्यायचा आणि प्रत्येक एडिटरने ही रीत एकदा शिकायची. कामे उरली १८. (गुणाकाराच्या जागी बेरीज आली की काय होते, हे वर्गात दाखवायला उदाहरण छान आहे.)

पण ही कामेही कोणीतरी पगार घेऊनच करणार. रस्ट या भाषेचे पाहा. मोझिलाने तिला २००९ पासून पाठबळ दिले. पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिचा आरंभीचा मदतनीस कंपायलरलाच पुन्हा पुन्हा राबवी, त्यामुळे मोठ्या आज्ञावलीत उत्तर रेंगाळे. मग ‘रस्ट-ॲनालायझर’ नव्याने लिहिला गेला. तो विचारले तेवढेच शोधतो आणि न बदललेल्या भागाची जुनी उत्तरे जपून ठेवतो. तो वाढला मात्र मोझिलाबाहेर, फेरस सिस्टिम्स ही जर्मन कंपनी आणि देणगीदार यांच्या आधारावर.

ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले. त्यांत रस्टवर काम करणारेही होते. परवान्यामुळे भाषा कोणी काढून घेऊ शकत नव्हते. पण ती जाणणारी माणसे पांगली तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, गूगल, मायक्रोसॉफ्ट, हुआवे आणि मोझिला यांनी मिळून रस्ट फाउंडेशन स्थापन केले. रस्ट-ॲनालायझर २०२२ मध्ये रस्टचा अधिकृत भाग झाला.

शाळेसाठी भाषा निवडताना आम्ही ‘फुकट आहे का?’ एवढेच विचारणार नाही. ती सांभाळणाऱ्यांचे पगार एकाच दारातून येतात की अनेक, हेही पाहू.