चार ट्रॅकमध्ये अख्खा बँड

काल पापडीला मित्राच्या घरचं जुनं कपाट आवरताना गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांच्या 'गोवन क्रेझी'ची कॅसेट सापडली. फीत सैल पडली होती. पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली, प्लेअरला लावली आणि चक्क वाजली!

हा अल्बम १९८४चा. बीटल्स ऐकत वाढलेल्या रेमोंनी तो शिवोलीच्या घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. गायन, वादन सगळं स्वतःचं. पिवळ्या स्कूटरवरून गोवाभर फिरून कॅसेटी विकल्या, त्याही स्वतःच!

एकट्या माणसाचा बँड कसा होतो?

साध्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक, म्हणजे ध्वनीचे समांतर पट्टे, असतात. चार ट्रॅकचा रेकॉर्डर हे चारही एकाच दिशेने वापरतो. गिटार, बेस, ताल असे तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे. तिन्ही पुन्हा मोकळे! मात्र दरवेळी फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. म्हणजे गिटार किती मोठी ठेवायची, हे गाण्याआधीच ठरवायचं.

आज संगणकावर शंभर ट्रॅक मिळतात, पण ती खरखर मला अजूनही प्रिय आहे.

तुमच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत? फीत तुटली असली तरी टाकू नका. कशी जोडायची ते विचारा, नक्की सांगतो.