टुरिस्ट व्हिसावर मजुरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशात भाड्याची गाडी घेऊन फिरायचे, पैसे संपत आले की वाटेतल्या मळ्यावर आठवडाभर फळे तोडायची आणि पुन्हा रस्त्याला लागायचे, अशा प्रवासाचे व्हिडिओ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून सतत येत असतात. फळे तोडणाऱ्याच्या पासपोर्टवर कोणता व्हिसा आहे, हे त्यात कुणी सांगत नाही. चिखली-मेहकरपासून खामगाव-मलकापूरपर्यंत हे व्हिडिओ पाहिले जातात आणि त्यातून एक समज पक्का होतो: टुरिस्ट व्हिसा काढा, तिकडे पोचा, पुढचे आपोआप जमते.

ते जमत नाही. काम मिळेल की नाही हा मुद्दाच नाही, मिळालेले काम करण्याची मुभा नाही हा मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ‘व्हिजिटर’ व्हिसाला (वर्ग ६००) ८१०१ क्रमांकाची अट जोडलेली असते आणि ती अट म्हणजे कामाला मनाई. अट मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि त्यानंतर साधारण तीन वर्षे नवा तात्पुरता व्हिसा मिळणे अवघड होते. शिवाय ‘यापूर्वी व्हिसा नाकारला किंवा रद्द झाला आहे का’ हा प्रश्न इतर देशांच्या अर्जांतही असतो. एका हंगामाची मजुरी अशी पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटते.

एवढे सांगितल्यावर पळवाट पुढे येते: पगार नको, फक्त जेवण आणि राहणे. न्यूझीलंडच्या २००९ च्या इमिग्रेशन कायद्यात मोबदल्यासाठी किंवा लाभासाठी केलेली कृती ‘काम’ ठरते. मळ्यावर राबून मिळालेली खोली आणि भाकरी हाही लाभच. त्यामुळे तिथे अशा सोयीसाठीही कामाचा व्हिसा लागतो. दुसरी पळवाट रोखीची. रोख मजुरी कुणाला कळत नाही, असे म्हणणाऱ्याने ती बुडाल्यावर दाद कुठे मागायची, याचाही विचार करावा. दुबईला ‘व्हिजिट’वर जाऊन काम धरण्याचा सल्लाही असाच सर्रास दिला जातो. संयुक्त अरब अमिरातीने २०२४ मध्ये कायदा बदलून परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिर्‌हॅमपर्यंत नेला. इतका धोका पत्करून कुणी ठेवलेच, तर तो मालक कोणत्या जातीचा असेल हे वेगळे सांगायला नको.

मग युरोपातल्या पोरांना हे कसे चालते? त्यांच्याकडे ‘वर्किंग हॉलिडे’ नावाचा वेगळा व्हिसा असतो. तो दोन देशांमधल्या कराराने मिळतो आणि करार नसेल तर कितीही जिद्द असली तरी मिळत नाही. कॅनडाच्या अशा योजनेत भारत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ (वर्ग ४६२) खुला केला. जागा वर्षाला १,०००, आणि त्या संपूर्ण भारतासाठी. वय १८ ते ३०, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामचलाऊ इंग्रजी आणि परतीच्या भाड्याशिवाय खात्यात ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. त्या वर्षी २५ डॉलर भरून १ ते ३१ ऑक्टोबरदरम्यान नोंदणी होती. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार नावे आल्याचे तिथल्या मंत्र्यांनी सांगितले. निवड सोडतीने होते. घरी दहा एकर कपाशी आहे, ट्रॅक्टर येतो, फवारणी येते, याला सोडतीत काहीही वजन नाही. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजनाही सोडतीचीच आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ३,००० जागा असतात, मुदत दोन वर्षे, पण पदवी हवी.

नंबर लागला तरी सगळे मोकळे नसते. ऑस्ट्रेलियात एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागांत, ठरावीक कामे तीन महिने करावी लागतात.

‘पेटीमागे पैसे, म्हणजे जितकी चपळाई तितकी कमाई’ हेही अर्धेच खरे. वेचणीला किलोमागे मजुरी ठरते तशी तिथे फळांची पेटीमागे ठरत असे. हळू हात चालणाऱ्याची त्यात फार लूट झाली. तिथल्या ‘फेअर वर्क कमिशन’च्या निर्णयानुसार २८ एप्रिल २०२२ पासून पेटीमागे काम असले तरी ठरावीक किमान तासिका दर द्यावाच लागतो. तास नोंदवून न देणाऱ्या ठेकेदारापासून लांब राहावे, ते याचसाठी.

काही समज एका वाक्यात निकाली निघतात. दहावी झाल्याने पासपोर्टला ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) हा शेरा लागत नाही, पण त्याने कोणत्याही देशात काम करण्याचा हक्क मिळत नाही. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व जीएसटी यापलीकडे घेता येत नाही. लाखांची बोली करणारा आधी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर शोधावा. बुलढाण्याच्या आरटीओतून, म्हणजे एमएच-२८ मधून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जास्तीत जास्त वर्षभर चालतो. सोबत मूळ लायसन्स लागते आणि त्याचा कामाच्या परवानगीशी काडीचाही संबंध नाही.

‘हे नियम फक्त आपल्याच लोकांना लावतात’ ही तक्रारही टिकत नाही. लोणारचे सरोवर पाहायला आलेला परदेशी प्रवासी पर्यटक व्हिसावर असेल, तर त्याला तिथल्या हॉटेलात वेटर म्हणून राहता येत नाही. नोकरीचा भारतीय व्हिसा काही मोजके अपवाद सोडता वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या वर पगार असल्याशिवाय मिळत नाही. परदेशी प्रवाशाला मुक्कामाला ठेवणाऱ्या लॉजमालकाला तर २४ तासांच्या आत प्रशासनाला तसे कळवावे लागते.